मालपेच्या अंजनीबाई

पत्रादेवी ओलांडून पेडण्याकडे निघाले की थोड्याच वेळात महामार्गावर मालपे लागते. चवथीला मुंबईहून येणारी आपली माणसे इथे पोहोचली की गाडीतल्या पिशव्या आवरायला घेतात. घरी माटोळीचे सामान जमले की नाही, मूर्ती कधी आणायची, भजनाला पेटीवर कोण बसणार, असे बोलणे सुरू होते आणि मालपे मागे पडते. आम्हीही वर्षानुवर्षे असेच पुढे गेलो आहोत. ज्या गावाचे नाव एका गायिकेने आयुष्यभर आपल्या नावापुढे लावले आणि मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या गाणाऱ्यांना ऐकवले, ते हेच गाव, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला. यंदाच्या स्मरणिकेत अंजनीबाई मालपेकरांवर लिहायचे आम्ही ठरवले, त्यात त्या उशिराची थोडी भरपाईही आहे.

गोव्याच्या गायिकांची आडनावे एकदा सावकाश वाचून पाहावीत. केसरबाई केरकर म्हणजे फोंडा तालुक्यातल्या केरीच्या (आपल्या तेरेखोलजवळचे केरी ते वेगळे). मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि आता उन्हाळ्यात पाणी ओसरले की महिनाभर दिसते. अंजनीबाई मालपेकर मालपेच्या. कलावंत घराण्यांतल्या या स्त्रियांना वडिलांच्या कुळाचे नाव मिळत नसे. नाव चाले ते आईकडून आणि गावाकडून. देवळाच्या सेवेत गाणे-नाचणे ही पिढीजात नेमणूक. त्या बदल्यात थोडी जमीन, थोडे उत्पन्न आणि पुष्कळशी हेटाळणी. देवाच्या पालखीपुढे त्यांचे गाणे सर्वांना हवे असे. त्यांच्या पंक्तीला बसायला मात्र कुणी तयार नसे. ही आपल्याच गावांची गोष्ट आहे, आणि अंजनीबाईंचे चरित्र सांगताना ती वगळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

अंजनीबाईंचा जन्म २२ एप्रिल १८८३ चा. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई या दोघीही गाणाऱ्या, म्हणजे घरातली ही किमान तिसरी पिढी. तेव्हाचे पेडणे डोळ्यांपुढे आणायचे तर १७८८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा महाल पोर्तुगीजांकडे गेला. नव्या काबिजादीतल्या इतर महालांप्रमाणे इथेही देवळे, जत्रा, पुनव, दशावतार हे सारे चालू राहिले. परंतु गाण्याला लागणारा मोठा आश्रय इथे कुठून असणार? देवस्थानाचे मानधन आणि एखाद्या वाड्यातली बैठक, तेवढेच. गळ्यात काही असेल त्या मुलीच्या आईने वेंगुर्ल्याचे बंदर गाठायचे आणि मुंबईची आगबोट पकडायची, हीच तेव्हाची वाट होती. गोव्यातली कितीतरी गाणारी घरे त्या वाटेने गेली. अंजनीबाईंचेही सारे शिक्षण आणि सारी कारकीर्द मुंबईत झाली.

त्या काळच्या मराठी गाण्याचे एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवे. युरोपात ऑपेराच्या रंगमंचावर बायका राणीसारख्या मिरवत होत्या. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' आणून संगीत नाटक उभे केले खरे, पण त्यातली सुभद्रा होती भाऊराव कोल्हटकर. भावड्याच्या आवाजावर महाराष्ट्र वेडा झाला, आणि तो होताच तसा. मात्र ज्या घरांत मुली चौथ्या-पाचव्या वर्षी सुरात गाऊ लागत, त्या घरांतल्या मुलींना नाट्यगृहाचे दार बंद होते. स्त्रीचे पद पुरुषाने गायचे आणि स्त्रीने दिवाणखान्यात बसून निवडक श्रोत्यांसाठी गायचे, अशी ती वाटणी. 'सौभद्र' रंगभूमीवर आले त्याच्या पुढच्याच वर्षी अंजनीबाई जन्मल्या. पन्नास वर्षे उशिरा जन्मल्या असत्या तर कदाचित त्या नाटकात दिसल्या असत्या. त्यांच्या वाट्याला मैफल आली.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांची तालीम उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे सुरू झाली. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ मूळचे उत्तरेतल्या बिजनौरकडचे. १८७० च्या सुमारास ते मुंबईत आले आणि भेंडीबाजारच्या आसपास राहिले. त्यावरून त्यांच्या गायकीलाच भेंडीबाजार घराणे म्हणू लागले. भाजीतल्या भेंडीशी या नावाचा संबंध नाही. कुणी म्हणतात तिथे भेंडीची झाडे होती (आपल्याकडे खाडीच्या कडेला असतात ती), तर कुणी सांगतात की किल्ल्यातले गोरे लोक बाजाराच्या मागच्या वस्तीला आपल्या भाषेत जे म्हणत त्याचा हा अपभ्रंश. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा शहरांच्या नावांच्या रांगेत मुंबईतल्या एका गजबजलेल्या मोहल्ल्याचे नाव बसले, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

या घराण्याची ओळख म्हणजे मोकळा आकार, लांब दमसास, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी मींड आणि खंडमेरूचा अभ्यास. खंडमेरू हा शब्द जड वाटतो, पण गोष्ट साधी आहे. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले तर ते सहा वेगवेगळ्या क्रमांनी म्हणता येतात. चार घेतले तर चोवीस क्रम होतात. पाच स्वरांचे एकशे वीस, सहांचे सातशे वीस आणि सातही घेतले तर पाच हजार चाळीस. हे सारे क्रम रोज घोटायचे, तेही आवाजाचा गोडवा न सांडता. मग मैफलीत रागाच्या नियमात बसतील तेवढेच निवडून घ्यायचे. ऐकणाऱ्याला वाटते की गायिकेला आत्ता, या क्षणी सुचले. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजदाद असते. ज्यांच्या घरात कुणी पेटी शिकले असेल त्यांना पलटे आठवतील. त्याचाच हा खूप पुढचा मुक्काम.

खाँसाहेब तालमीला कडक होते. पहिली कित्येक वर्षे एका-दोन रागांच्या पलीकडे त्यांनी मुलीला जाऊ दिले नाही, असे सांगितले जाते. आजच्या आईबापांना तीन महिन्यांत मुलगी स्नेहसंमेलनात गायला हवी असते, आणि यात आम्ही स्वतःलाही धरतो. नबूबाईंनी मात्र वाट पाहिली. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या, म्हणूनच थांबायला किती हिंमत लागते हे त्यांना ठाऊक असणार. मुलगी गाऊन मिळवू लागली की घर चालते. ती आठ वर्षे नुसती शिकत राहिली तर ते कसे चालवायचे, हा प्रश्न त्या घरापुढे रोज असेल.

१८९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, अंजनीबाई मुंबईत पहिल्यांदा जाहीरपणे गायल्या. ते वर्ष काही उत्सवाचे नव्हते. १८९६ पासून मुंबईत प्लेग ठाण मांडून होता आणि घरेच्या घरे गावाकडे पळत होती. त्याच वर्षी देवलांचे 'शारदा' रंगभूमीवर आले. पेठेतली मुलगी म्हाताऱ्याला विकली जाते, या विषयावर लोक रडत होते आणि वाद घालत होते. अशा दिवसांत सोळा वर्षांची ही मुलगी बैठकीत बसली आणि पाहता पाहता मोठमोठ्या शेठजींच्या आणि संस्थानिकांच्या बोलावण्यांची रीघ लागली.

गाण्याइतकीच चर्चा त्यांच्या रूपाची झाली. राजा रविवर्मा त्या काळात मुंबईत येऊन-जाऊन असत. अंजनीबाईंचे रूप त्यांच्या चित्रांना प्रेरणा देऊन गेले, आणि चित्रकार धुरंधरांचेही नाव या संदर्भात घेतले जाते. रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या आज्यांनी देवघराच्या वर टांगली होती. ती चित्रे घडत होती त्याच काळात आणि त्याच शहरात आपल्या तालुक्यातल्या एका मुलीचा चेहरा चित्रकारांना खुणावत होता, हा विचार मनात आला की जुन्या फ्रेमकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहतो.

मात्र रूपाने त्यांना सुख दिले असे म्हणवत नाही. मैफलीतल्या गायिकेकडे पाहण्याची धनवंतांची एक ठरलेली नजर असे, आणि नाही म्हणणाऱ्या गायिकेला ते नाही महागात पडे. त्या वातावरणातच १९०४ चे संकट आले. अंजनीबाईंचा आवाज गेला. कुणी मत्सराने विषप्रयोग केला अशी बोलवा तेव्हा झाली आणि ती पुढेही टिकली. पानातून शेंदूर घालून गळा बसवल्याच्या कथा नाटक-मैफलींच्या जगात पुष्कळ आहेत, आणि गाणाऱ्या बायका पानाचा विडा कुणाच्याही हातून का घेत नसत हे त्यावरून कळते. कारण काहीही असो, वय एकवीस, गुरूकडची दहा-बारा वर्षांची मेहनत गाठीला, घर गाण्यावर चाललेले, आणि गळ्यातून सूर निघत नाही. असे वर्षाहून अधिक काळ चालले.

याच काळात, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गोहरजानने ग्रामोफोनच्या कर्ण्यात गाऊन ठेवले होते. आवाज तबकडीत साठवता येतो हे हिंदुस्थानाने नुकतेच पाहिले होते. अंजनीबाईंचा आवाज मात्र होता तो गळ्यातच, आणि तोच गेला होता.

इथे आम्हाला दूरच्या एका गायिकेची आठवण होते. स्वीडनची जेनी लिंड ही एकोणिसाव्या शतकातली ऑपेराची सर्वांत गाजलेली गायिका. तिचाही आवाज विशीतच अतिश्रमाने बिघडला. १८४१ मध्ये ती पॅरिसला मान्वेल गार्सिया या गुरूकडे गेली, तेव्हा त्याने तिला आधी काही आठवडे गाणे पूर्ण बंद ठेवायला लावले आणि मग अगदी पहिल्यापासून शिकवले. आवाज परत आला, तिने युरोप गाजवला, आणि १८४९ मध्ये, वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ऑपेरा कायमचा सोडला. नंतर ती मैफली करीत राहिली आणि उतारवयात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागली. ते कॉलेज सुरू झाले १८८३ मध्ये, अंजनीबाईंच्या जन्मवर्षी. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही; मालपेच्या घरात लिंडचे नाव कधी गेले नसेल. पण आवाज जाणे, परत येणे, ऐन भरात मंच सोडणे आणि मग शिकवणे, हा क्रम दोघींच्या आयुष्यात सारखा आहे. फरक इतकाच की लिंडच्या मागे संपूर्ण युरोपची वर्तमानपत्रे होती. अंजनीबाईंनी सोसले ते चार भिंतींत.

आवाज परत आला. उपचार झाले आणि नवस-सायासही झाले असतील, पण आमच्या मते खरे औषध आठव्या वर्षापासूनची ती तालीमच असावी. ज्याने स्वर एकेक करून बसवलेला असतो, त्याला तो पुन्हा एकेक करून शोधता येतो. त्या पुन्हा गाऊ लागल्या आणि पुढची पंधरा-अठरा वर्षे त्यांचे नाव पहिल्या रांगेत राहिले. मुंबईतले व्यापारी वसनजी वेद यांच्याशी त्यांचा संसार झाला.

१९२० च्या सुमारास नझीर खाँ गेले. त्यानंतर अंजनीबाईंचे मन मैफलीत रमेनासे झाले आणि १९२३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर गाणे थांबवले. गायकीच्या दृष्टीने चाळीस हे काही थकायचे वय नव्हे. उलट तेव्हाच गाणे पिकायला लागते. केसरबाई आणि मोगूबाई यांची कीर्ती पुढे याच वयात वाढत गेली. अंजनीबाईंनी मात्र निर्णय घेतला आणि तो बदलला नाही. गुरूच्या जाण्याचे दुःख हे कारण सांगितले जाते आणि ते खरेच असणार. पण चोवीस वर्षे त्या धनवंतांच्या नजरेसमोर बसून गायल्या होत्या. तिथून उठून आपल्या घरात, आपल्याला हव्या त्या माणसासमोर, हवे तेव्हा गायचे, यात त्यांना काही सुटकाही वाटली असेल, असे आम्हाला वाटते.

मंचावर त्या १८९९ ते १९२३ अशी चोवीस वर्षे होत्या. त्यानंतर एक्कावन्न वर्षे जगल्या. मैफल सोडली तिथे त्यांचे चरित्र संपवणारे या दुप्पट मोठ्या काळाला मुकतात.

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, म्हणजे अंजनीबाईंनी मैफल सोडल्यानंतरचा. किशोरीताई आमोणकर त्याहून आठेक वर्षांनी लहान. या दोघांनी अंजनीबाईंना भर मैफलीत ऐकले असणे शक्यच नव्हते, आणि तरीही दोघे शिकायला त्यांच्याकडे आले. कुमारजी तेव्हा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात होते आणि बालवयापासून नावाजलेले होते. किशोरीताईंच्या घरी तर मोगूबाईंसारखी आई गुरू म्हणून बसलेली. जयपूर घराण्याची शिस्त पाळणाऱ्या या माऊलीने मुलीला दुसऱ्या घराण्याच्या बाईंकडे जाऊ दिले, यात मोगूबाईंचा मोठेपणा आहेच. पण कुर्डीच्या लेकीने मालपेच्या लेकीवर टाकलेला विश्वासही आहे. किशोरीताईंच्या गाण्यातली एका सुरातून दुसऱ्यात विरघळत जाणारी मींड ज्यांनी ऐकली असेल, त्यांनी अंजनीबाईंची थोडी शिकवण ऐकली असे म्हणायला हरकत नाही. पंडित त्र्यंबकराव जानोरीकर हे भेंडीबाजार घराण्याचे विद्वान. त्यांनी छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि अंजनीबाईंकडेही. याच अमान अली खाँकडे लताबाई मंगेशकरांनी आपल्या उमेदीच्या काळात धडे घेतले होते. मंगेशी, कुर्डी आणि मालपे अशी आपली गावे त्या एका मोहल्ल्याच्या गायकीत अशी एकत्र आलेली दिसतात.

आणखी एक योगायोग आमच्या मनातून जात नाही. कुमारजींना क्षयाने गाठले, १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि कित्येक वर्षे त्यांचे गाणे बंद होते. किशोरीताईंचा आवाजही ऐन तारुण्यात गेला आणि आयुर्वेदाच्या उपचारांनी दोनेक वर्षांनी परतला. दोघेही परत आले ते निराळे गाणे घेऊन. त्यांना शिकवणारी बाई स्वतः एकविसाव्या वर्षी त्याच अंधारातून बाहेर आली होती. या विषयावर गुरु-शिष्यांत काय बोलणे झाले असेल ते त्यांचे त्यांना माहीत. पण गळा गेला म्हणजे गाणे गेले असे नव्हे, याचा पुरावा म्हणून ती म्हातारी बाई त्यांच्यापुढे तंबोरा घेऊन बसलेली होती.

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने अंजनीबाईंना आपली फेलोशिप दिली. हा अकादमीचा सर्वोच्च सन्मान, आणि तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या आणि मैफल सोडून पस्तीस वर्षे झाली होती. मान देणाऱ्यांनी त्यांचा शिष्यवर्ग ऐकला होता, आणि जुन्या जाणत्यांच्या तोंडून नाव ऐकले होते.

त्या वर्षी आपण कुठे होतो ते आठवावे. मालपे आणि पेडणे पोर्तुगीज अमलाखाली होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्याला तीन वर्षे होत होती. सरहद्द बंद, आर्थिक नाकेबंदी चालू, मुंबईहून घरी यायचे तर परवान्यांची यातायात. भारतीय प्रजासत्ताकाने ज्या बाईंना गौरवले, त्यांच्या नावातले गाव त्या प्रजासत्ताकाच्या बाहेर होते. ते आत आले १९ डिसेंबर १९६१ रोजी, आणि हे पाहायला अंजनीबाई हयात होत्या.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या गेल्या. त्यांना ब्याण्णवावे वर्ष चालू होते. कुमारजी आणि किशोरीताई तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. त्या सालच्या चवथीला आमच्यापैकी काही घरांत रेडिओवर भजन ऐकून मग आरतीला उभे राहण्याची पद्धत होती. तो आवाज कुणाच्या तालमीतून आला याचा पत्ता आम्हाला त्या वेळी नव्हता.

आता एक विनंती. मालपे, पेडणे, धारगळ, विर्नोडा या बाजूच्या जुन्या घरांतून अंजनीबाईंच्या, नबूबाईंच्या किंवा गुजाबाईंच्या आठवणी आजी-पणजीच्या तोंडून कुणी ऐकल्या असतील, एखादा फोटो किंवा पत्र पेटीच्या तळाशी असेल, तर या दहा दिवसांत मंडपात येऊन कार्यकर्त्यांना सांगावे. फोटो आम्ही मागून घेणार नाही, त्याची प्रत काढून लगेच परत देऊ. ज्यांना गाण्यातले फारसे कळत नाही असे वाटते त्यांनीही यावे. आठवण घराची, विहिरीची, कुणी मुंबईला निघाले त्या दिवसाची असली तरी ती आम्हाला हवी आहे.